जहाजावर पहिल्यांदा चाललाय? मग आधी एवढे शब्द तोंडात बसवा (खास आपल्या मराठवाड्यातल्या पोरांसाठी)

आपल्याकडं पाणी म्हणलं की जायकवाडी, नायतर माजलगावचं धरण. मी मानवतकडचा, घरी कापूस अन् सोयाबीन, पोहणं म्हणाल तर पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलो तेवढंच, अन् आता इतकी वर्षं झाली डेकवर काम करतोय, जास्त करून ऑफशोअरच्या, म्हणजे समुद्रातल्या तेलविहिरींच्या, सप्लाय बोटींवर. सुट्टीला घरी आलो की दोन-तीन पोरं हमखास येतात, दादा कोर्स झाला, सीडीसी (खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक) आलं, जॉइनिंग आहे, तिथं इंग्लिश लै लागतं का? माझं उत्तर दरवेळी एकच, इंग्लिश कमी लागतं, शब्द जास्त लागतात. ग्रामर कोणी विचारत नाही राव. पण बोसननं, म्हणजे डेकच्या मुकादमानं, अंधारात एक शब्द ओरडला की तुमचा पाय बरोबर त्याच जागी गेला पाहिजे, दुसऱ्या जागी गेला तर हाताचं बोट जाईल नायतर पाय जाईल. म्हणून हे लिहितोय. इंजिनवाल्या भावांनी माफ करा, मी डेकचा माणूस, तुमचं थोडक्यात येईल.

स्टेप १ : उजवं-डावं विसरा

जहाजाचं पुढचं टोक म्हणजे बो, मागचं म्हणजे स्टर्न. पुढच्या दिशेला फॉरवर्ड म्हणायचं, मागच्या दिशेला आफ्ट. तोंड बो कडं करून उभं राहिलं की डावी बाजू पोर्ट आणि उजवी स्टारबोर्ड. आता पोरं विचारतात लेफ्ट-राइट म्हणलं तर काय बिघडतंय, तर बिघडतं असं की आपण दोघं समोरासमोर उभं असलो तर माझं डावं ते तुझं उजवं होतं, आणि जहाजावर माणसं कायम उलटसुलट उभी असतात. औताची बैलजोडी आठवा. डाव्या अंगाला जुंपलेला बैल डाव्याच अंगाचा, तुम्ही समोरून बघितलं म्हणून तो काही उजव्या अंगाचा होत नाही. पोर्ट-स्टारबोर्डचं तसंच आहे, ते जहाजाचं अंग आहे, तुमचं नाही.

रात्री पोर्टला लाल दिवा असतो, स्टारबोर्डला हिरवा. माझा कायम गोंधळ व्हायचा, मग मी पंगतीतलं ताट धरलं. डावीकडं लाल चटणी, उजवीकडं मेथीची भाजी. झालं, पुन्हा कधी चुकलो नाही. दुसऱ्या जहाजाचा लाल दिवा दिसला तर त्याची पोर्ट बाजू तुमच्याकडं आहे, लाल-हिरवा दोन्ही एकदम दिसायला लागले तर तो सरळ तुमच्या अंगावर येतोय, लुकआउटला, म्हणजे नजर ठेवायच्या पहाऱ्यावर, उभं असाल तर लगेच ऑफिसरला सांगा, त्याला दिसलंच असेल म्हणून गप्प बसू नका.

बाकीचं पटकन. भिंत म्हणजे बल्कहेड, छत म्हणजे डेकहेड, जिना म्हणजे लॅडर, स्वयंपाकघर म्हणजे गॅली, जेवायची जागा मेस, पुढचा नांगराचा उंच डेक फोक्सल, जिथून जहाज चालवतात तो ब्रिज. हे आठ दिवसात आपोआप येतं, पाठ करत बसू नका.

स्टेप २ : कोण कोणाचा साब

कॅप्टनला कागदावर मास्टर म्हणतात. त्याच्या खाली चीफ ऑफिसर, मग सेकंड, थर्ड. डेकच्या पोरांचा खरा मालक मात्र बोसन, त्याला जुनी माणसं सारंग म्हणतात. ऊसतोडीला जाऊन आलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, बोसन म्हणजे टोळीचा मुकादम. त्याच्याशी बिघडवून घेऊ नका. बोसनच्या खाली एबी (एबल सीमन, अनुभवी खलाशी) आणि एबीच्या खाली ओएस (ऑर्डिनरी सीमन, नवा खलाशी), तुम्ही बहुतेक ट्रेनी नायतर ओएस म्हणून जाणार.

इंजिनात गंमत आहे. इंडियन क्रू असेल तर चीफ इंजिनिअर म्हणजे बडा साब, सेकंड म्हणजे दो साब, मग तीन साब, चार साब, ज्युनिअर असला की पांच साब, आणि लाइटीचं बघतो तो बत्ती साब. कोणी म्हणलं बत्ती साब को बुलाओ तर बल्ब शोधत फिरू नका. कसाब म्हणजे खाटीक नाही, स्टोअर सांभाळणारा. भंडारी हे आडनाव नाही, स्वयंपाकी. सुकाणी म्हणजे सुकाणूवर उभा राहणारा. हे सगळे जुन्या खलाशांचे शब्द, शेकडो वर्षांपासून आपल्या किनाऱ्यावरचे खलाशी परदेशी जहाजांवर जायचे तेव्हापासूनचे, आता कमी होत चाललेत पण जुना बोसन भेटला तर ऐकायला मिळतात.

ड्युटीला वॉच म्हणतात. बारा ते चार, चार ते आठ, आठ ते बारा, दिवसातून दोनदा. साधारणपणे बारा-चार सेकंड ऑफिसरकडं, चार-आठ चीफकडं, आठ-बारा थर्डकडं. बारा-चारवाल्याची झोप म्हणजे रात्री मोटार चालू करायला शेतात जाणाऱ्या माणसाची झोप, लाइट रात्रीच येते तसं, सवय आपल्याला असतेच.

स्टेप ३ : दोर (इथं घाई करू नका)

आपल्या घरी दोराला नुसतं दोर कोणी म्हणतं का? जनावर बांधलं की दावं, बैलाच्या नाकात वेसण, गाडी हाकताना हातात कासरा, मोटेला लागायचा तो नाडा. कामावरून नाव. जहाजावर अगदी तेच, आणि म्हणून मला वाटतं आपल्या पोरांना हे शहरातल्या पोरांपेक्षा लवकर यायला पाहिजे, फक्त कोणी तसं सांगत नाही.

जहाज धक्क्याला बांधतात त्या दोरांना मूरिंग लाइन म्हणतात. बो कडून पुढं जाते ती हेड लाइन, स्टर्नकडून मागं जाते ती स्टर्न लाइन. धक्क्याकडं सरळ काटकोनात जाते ती ब्रेस्ट लाइन, ती जहाजाला धक्क्यापासून लांब जाऊ देत नाही. आणि तिरकी, उलट्या दिशेनं जाते ती स्प्रिंग. म्हणजे पुढच्या भागातून निघून मागं जाते ती फॉरवर्ड स्प्रिंग, मागच्या भागातून निघून पुढं जाते ती आफ्ट स्प्रिंग. जहाज पुढं-मागं सरकू नये हे स्प्रिंगचं काम.

आता माझंच सांगतो. पहिला आठवडा, रात्रीची वेळ, पाऊस, आफ्ट डेकवर मी आणि बोसन. बोसन रत्नागिरीकडचे, मी काका म्हणायचो, ते मला घाटावरचा म्हणायचे. ते ओरडले, आफ्ट स्प्रिंग स्लॅक कर! माझ्या डोक्यात स्प्रिंग म्हणजे सायकलच्या सीटखालची. मी इकडं बघतोय तिकडं बघतोय, अन् त्या बघण्यात नेमका त्याच लाइनच्या रेषेत जाऊन उभा राहिलो. बाजूनं कुठलं तरी मोठं जहाज गेलं असेल, आमची बोट जरा मागं सरकली, आणि मनगटाएवढा जाड दोर माझ्या डोळ्यासमोर बारीक होत गेला. खरंच बारीक होतो. पिळल्यासारखं त्यातून पाणी बाहेर यायला लागलं, बिट्सवर, म्हणजे दोर बांधायच्या लोखंडी खुंटांवर, करकर आवाज, जसा भरल्या गाडीचा कणा वाजतो तसा. पुढच्या क्षणी माझ्या बॉयलरसूटची कॉलर मागून कोणीतरी खेचली आणि मी डेकवर आपटलो. काकांनी मला बाजूला टाकून स्वतः लाइन सैल केली. दोर तुटला नाही. तुटला असता तर त्याचं टोक चाबकासारखं मागं येतं, त्या पट्ट्याला स्नॅप-बॅक झोन म्हणतात, आणि मी बरोबर तिथंच उभा होतो.

त्या रात्री काका काही बोलले नाहीत. सकाळी चहा झाल्यावर म्हणाले, चल घाटावरच्या, हात लाव आणि बोल. पुढून मागंपर्यंत प्रत्येक लाइनला हात लावायचा आणि तिचं नाव मोठ्यानं म्हणायचं. हेड लाइन. फॉरवर्ड स्प्रिंग. ब्रेस्ट. मग लोखंडाच्या प्रत्येक वस्तूला. हे जोड खुंट म्हणजे बिट्स, धक्क्यावर असतो तो बोलार्ड, दोर ज्या तोंडातून बाहेर जातो तो फेअरलीड, ओढायचं मशीन विंच, उभं ड्रमवालं कॅप्सटन, दोराच्या टोकाचा फासा म्हणजे आय. धक्क्यावर आधी फेकायची बारीक दोरी हीव्हिंग लाइन, तिच्या टोकाला गाठीचा गोळा असतो तो मंकी फिस्ट. तीन सकाळी हेच केलं. तुम्हीही असंच करा, वहीत लिहून पाठ केलेला शब्द अंधारात आठवत नाही, हात लावलेला आठवतो.

दोराच्या ऑर्डरी एवढ्याच आहेत: हीव्ह म्हणजे ओढ, स्लॅक म्हणजे सैल सोड, होल्ड ऑन म्हणजे आहे तसं थांब, मेक फास्ट म्हणजे बांधून टाक, लेट गो म्हणजे सोडून दे. जुने खलाशी आणि क्रेनवाले अजून हबेस आणि आर्या म्हणतात, हबेस वर, आर्या खाली. आर्या हा मूळ पोर्तुगीज शब्द आहे, मुंबईत बांधकामावरसुद्धा ऐकू येतो. ऑर्डर मिळाली की तीच परत मोठ्यानं म्हणायची आणि मग हात हलवायचा. स्लॅक आफ्ट स्प्रिंग, सर! मी त्या रात्री एवढं म्हणायला गेलो असतो तरी माझी ततपप ऐकून काकांना कळलं असतं की पोराला समजलेलं नाही. समजलं नाही तर नाही म्हणा, लाज वाटायचं काही कारण नाही.

दोराच्या वेढ्यात, म्हणजे बाइटमध्ये, पाय ठेवायचा नाही. कधीच. घरून निघायच्या आधी चार गाठी शिका, बोलाइन, क्लोव्ह हिच, शीट बेंड, फिगर ऑफ एट. दाव्यावरच शिका, गोठ्यात बसून. क्लोव्ह हिच तर बऱ्याच जणांना आधीच येत असणार, फक्त नाव माहीत नसतं.

नांगराचं थोडकं. नांगर खाली-वर करायचं मशीन विंडलास, साखळी बाहेर जायचं भोक हॉज पाइप, साखळी साठते तो चेन लॉकर. साखळीची लांबी शॅकलमध्ये मोजतात, एक शॅकल म्हणजे २७.५ मीटर. घोळ असा की साखळी जोडायच्या, सामान उचलायच्या कडीलाही शॅकलच म्हणतात. त्यामुळं 'फाइव्ह शॅकल ऑन डेक' ऐकून पाच कड्या आणायला स्टोअरला पळू नका, पाच शॅकल लांबीची खूण डेकवर आली असा त्याचा अर्थ. नांगर जमिनीत न रुतता जहाज घसरत चाललं तर त्याला ड्रॅगिंग म्हणतात, आणि हा शब्द कुठंही ऐकला की झोपेतून उठा.

स्टेप ४ : मापं

नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल, १.८५२ किलोमीटर. तास त्याच्यातच आला, म्हणून 'दहा नॉट पर अवर' म्हणू नका, लोक हसतात. केबल म्हणजे मैलाचा दहावा भाग, साधारण १८५ मीटर. ड्राफ्ट म्हणजे जहाज पाण्यात किती बुडालंय ते, पाण्याच्या वर डेकपर्यंत जेवढं उरलं ते फ्रीबोर्ड. जहाजाच्या अंगावर आकडे रंगवलेले असतात, मीटरवाले आकडे १० सेंटीमीटर उंचीचे, आणि आकड्याच्या तळाला पाणी टेकलं की तो ड्राफ्ट. मधोमध गोल आणि त्यातून आडवी रेघ दिसते ती प्लिमसोल लाइन, ब्रिटनमध्ये सॅम्युएल प्लिमसोल नावाच्या खासदारानं भांडून भांडून १८७६ च्या कायद्यात ती आणायला लावली, कारण मालक लोक जहाज ओव्हरलोड करून पाठवायचे आणि माणसं बुडायची. ऊसाच्या ट्रॉल्यांना अशी एक रेघ असती तर बरं झालं असतं.

ग्रॉस टनेज म्हणजे वजन नव्हे, जहाजाच्या आतल्या जागेचं माप. वजन किती उचलेल ते डेडवेट.

स्टेप ५ : ऑफशोअरला चालला असाल तर

आपली बरीच पोरं मुंबई हायला जातात. मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर समुद्रात, १९७४ मध्ये सागर सम्राट नावाच्या रिगनं तिथं तेल शोधलं आणि १९७६ पासून उत्पादन चालू झालं. तिथं गेल्यावर सगळ्याच लोखंडी सांगाड्यांना रिग म्हणायची सवय असेल तर सोडा. रिग म्हणजे भोक पाडणारी. जॅक-अप रिगला लांब पाय असतात, ते समुद्राच्या तळाला टेकवून ती स्वतःला पाण्याच्या वर उचलते, ज्वारी राखायला माळा करतात ना तसं, फक्त हा माळा काम झालं की पाय वर घेऊन दुसरीकडं जातो. खोल पाण्यात पाय पुरत नाहीत तिथं तरंगणारी सेमी-सबमर्सिबल नायतर ड्रिलशिप. प्लॅटफॉर्म मात्र कायमचा, त्याचा पाण्यातला सांगाडा म्हणजे जॅकेट, वरचा भाग टॉपसाइड, आणि जिथं गॅस जळताना दिसतो तो फ्लेअर.

बोटीत पीएसव्ही म्हणजे सामान, डिझेल, पाणी, सिमेंट पोचवणारी. एएचटीएस रिग ओढते आणि नांगर हाताळते. एमएसव्हीवर डायव्हर, मोठी क्रेन, आग विझवायचं सामान असतं. बार्जला बहुतेक वेळा स्वतःचं इंजिन नसतं, टग, म्हणजे ओढणारी छोटी ताकदवान बोट, ओढतो, आणि नांगर टाकून उभी करतात. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात पी-३०५ बार्ज बुडाली ती अशीच राहायची बार्ज, अडीचशेच्या वर माणसं होती तिच्यावर, नांगर सुटले आणि ती वाहत गेली. तुम्ही फिटर, वेल्डर म्हणून बार्जवर गेलात तरी लाइफ जॅकेट, लाइफराफ्ट (जीव वाचवायचा तराफा) आणि मस्टर स्टेशन (अलार्म झाला की जमायची जागा) हे तीन शब्द जागेसकट पाठ पाहिजेत, मी खलाशी नाही म्हणून चालत नाही.

डीपी हा शब्द सारखा कानावर येईल, डायनॅमिक पोझिशनिंग. नांगर न टाकता कॉम्प्युटर प्रॉपेलर आणि थ्रस्टर (बोट आडवी ढकलणारे पंखे) चालवून बोट एका जागी धरतो. डीपी-२ म्हणजे एखादं यंत्र बंद पडलं तरी जागा सुटू नये अशी डबल व्यवस्था. प्लॅटफॉर्मच्या चारी बाजूनं ५०० मीटरचा सेफ्टी झोन असतो, आत शिरायला परवानगी आणि चेकलिस्ट. आम्ही मराठी पोरं त्याला नुसतं 'पाचशेच्या आत' म्हणतो. आत गेलं की ब्रिजवर गप्पा बंद. कारण रायझर. समुद्राच्या तळातून तेल-गॅस वर आणणारा उभा पाइप म्हणजे रायझर. २७ जुलै २००५ ला मुंबई हाय नॉर्थला एक एमएसव्ही प्लॅटफॉर्मला घासली, रायझर फुटला, गॅस पेटला आणि अख्खा प्लॅटफॉर्म जळून गेला, २२ माणसं गेली.

माणसं बोटीवरून प्लॅटफॉर्मवर जातात ती बास्केटमध्ये बसून क्रेननं, नायतर बोट लँडिंगवर स्विंग रोप धरून उडी मारून. पहिल्यांदा पोटात गोळा येतो, सगळ्यांच्याच येतो. क्रेनच्या मालाला बांधलेली ओढदोरी म्हणजे टॅगलाइन, माल तिच्यानं फिरवायचा, हातानं नाही. उचलायच्या सामानावर एसडब्ल्यूएल (सेफ वर्किंग लोड) लिहिलेलं असतं, तेवढंच वजन उचलायचं. पीओबी म्हणजे आत्ता वर किती माणसं आहेत तो आकडा.

आणि एक शब्द, एनक्लोज्ड स्पेस. बॅलास्ट टँक (जहाजाचा तोल राखायला पाणी भरतात ती टाकी), चेन लॉकर, बंद पडलेली कोणतीही टाकी. आपल्याकडं उन्हाळ्यात जुन्या विहिरीचा गाळ काढायला एक उतरतो, बेशुद्ध पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही पडतो, अशा बातम्या आपण वाचलेल्या आहेत. जहाजावर हुबेहूब तेच होतं. बंद टाकीत लोखंड गंजतं ते हवेतला ऑक्सिजन खाऊन गंजतं, वास नाही, धूर नाही, काहीच कळत नाही. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के पाहिजे, मीटरनं मोजल्याशिवाय, परमिटवर सही झाल्याशिवाय आणि तोंडाशी माणूस उभा असल्याशिवाय उतरायचं नाही. आत कोणी पडलेला दिसला तरी आधी अलार्म, मग बाकीचं. कोणी म्हणलं दोन मिनिटाचं काम आहे, उतर, तर परमिट कुठंय विचारा. पोरगं नवीन आहे म्हणून चिडतील, चिडू द्या.

इंजिनवाल्यांसाठी एवढंच, विहिरीवरच्या मोटारीचा ज्याला फुटबॉल म्हणतो तो फूट व्हॉल्व्ह, प्रायमिंग, एअर पकडणं हे तुम्हाला कळत असेल तर बिल्ज पंप आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह समजायला वेळ लागत नाही. बिल्ज म्हणजे तळाची जागा, जिथं घाण पाणी साठतं.

स्टेप ६ : आवाज

भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज म्हणजे जनरल इमर्जन्सी, लाइफ जॅकेट घेऊन मस्टर स्टेशनला. तीन लांब म्हणजे माणूस पाण्यात. तुम्ही स्वतः बघितलं तर ओरडायचं, मॅन ओव्हरबोर्ड पोर्ट साइड, किंवा स्टारबोर्ड. बाजू सांगायचीच, कारण सुकाणू त्याच बाजूला फिरवतात म्हणजे स्टर्न आणि पंखा माणसापासून लांब जातो. तरंगणारी रिंग फेका, हाताचं बोट त्याच्याकडं दाखवत उभे राहा, नजर हलवू नका, लाटेत डोकं नारळाएवढंच दिसतं. जहाज सोडायची ऑर्डर मात्र कॅप्टन स्वतः तोंडानं देतो, त्याच्या आधी उडी मारायची नाही. रेडिओवर संकटाची हाक चॅनल १६ ला, जीव धोक्यात असला की मेडे तीनदा.

स्टेप ७ : घरी बसून काय करायचं

आधी एजंटचं. आमच्याच भागातल्या एकानं दोन पोरांकडून काही लाख घेतले आणि खोटं जॉइनिंग लेटर दिलं, पोरं मुंबईत चार दिवस लॉजवर राहून परत आली, एकाच्या बापानं बैल विकले होते. कंपनी आरपीएसएल (खलाशी भरती करायचा सरकारी परवाना) लायसन्सवाली आहे का ते डीजी शिपिंगच्या, म्हणजे जहाजांचं बघणाऱ्या सरकारी खात्याच्या, साइटवर बघा. नोकरी लावायचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत, एमएलसी २००६ या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात तसं लिहिलंय, मेडिकल, पासपोर्ट, सीडीसी यांचा खर्च तेवढा आपला.

शब्दांसाठी रोज अर्धा तास पुरे. घराला जहाज समजा, दार म्हणजे बो, चूल पोर्टला, देवघर स्टारबोर्डला, आईनं हाक मारली की कुठल्या बाजूला चाललाय ते म्हणत जा. स्पेलिंगसाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा ही अक्षरं लागतात, रेडिओवर तसंच सांगतात. मी ती परभणीला जाताना एसटीच्या खिडकीतून गाड्यांच्या नंबर प्लेटवर शिकलो. परभणीची एमएच २२ म्हणजे माइक हॉटेल टू टू, लातूरची गाडी आली की माइक हॉटेल टू फोर, नांदेड टू सिक्स. शेजारी बसलेल्या आजोबांनी एकदा बराच वेळ ऐकून घेतलं आणि मग कंडक्टरला हळूच म्हणले, ह्या पोराला पुढच्या स्टॉपला कुठं दाखवायचं असंल तर मी उतरवून देतो.